मुंबई, नवी मुंबई की वसई-विरार : त्याच पैशांत घर कुठे परवडते आणि कुठे टिकते?

निशिगंधा

नमस्कार मंडळी. आम्ही पाच जण गिरगावातील एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावरच्या दीडशे चौरस फुटांच्या खोलीत राहतो. इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी सरकारला उपकर भरणारी जुनी भाडेकरूंची इमारत आहे आणि तिच्या पुनर्विकासाची बोलणी आजवर तीनदा सुरू होऊन तीनदा थांबली. सासूबाईंचे गुडघे जिना आणि सामाईक संडास या दोन्हींना थकले आहेत, मुलगी यंदा दहावीला आहे, त्यामुळे ‘होईल तेव्हा होईल’ असे म्हणत बसणे आता शक्य राहिलेले नाही.

जवळ ३० लाख आहेत आणि बँक ६५ लाखांपर्यंत कर्ज द्यायला तयार आहे. यांची नोकरी वांद्रे-कुर्ला संकुलात आणि माझी ऐरोलीला. तीन घरे पाहून ठेवली आहेत. कांदिवलीला ३५ वर्षे जुन्या इमारतीत ३२५ चौरस फुटांचे, ९० लाखांचे. नेरूळला १९९० च्या दशकातल्या इमारतीत एक बेडरूमचे, ८८ लाखांचे, ज्याचे क्षेत्रफळ दलाल ५७५ चौरस फूट सांगतो. आणि विरार पश्चिमेला बांधकाम संपत आलेल्या इमारतीत दोन बेडरूमचे, ६२ लाखांचे.

किमतीच्या आकड्यांवरून निर्णय घ्यायचा तर तो दोन मिनिटांत होईल. पण परवडणे म्हणजे नेमके काय काय मोजायचे, आणि समुद्राच्या इतक्या जवळ बांधलेल्या या तीन शहरांत घराचा दर्जा सामान्य माणसाने ओळखायचा कसा, हे मला इथल्या अनुभवी लोकांकडून समजून घ्यायचे आहे.

हिशेबनीस

निशिगंधाताई, आधी हप्ता पाहू. साडेआठ टक्के दराने २० वर्षांसाठी एक लाखाला महिना सुमारे ८६८ रुपये पडतात. म्हणजे ६५ लाखांचा हप्ता ५६,४०० च्या आसपास आणि विरारसाठी ४० लाख घेतले तर ३४,७०० च्या आसपास. दर महिन्याला २१,७०० रुपयांचे अंतर आहे आणि ते किरकोळ नाही.

आता घरात पाऊल ठेवेपर्यंतचा खर्च. मुंबईत मुद्रांक शुल्क सहा टक्के आहे, नवी मुंबईत सात. घर केवळ स्त्रीच्या नावावर घेतले तर एक टक्का सवलत मिळते, मात्र पतीचे नाव जोडले की ती जाते, एवढे लक्षात ठेवा. नोंदणी शुल्क ३० लाखांवरच्या घराला ३०,००० रुपये. विरारच्या घराला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहण्यायोग्य झाल्याचा महापालिकेचा दाखला, मिळण्याआधी करार केलात तर पाच टक्के जीएसटी, म्हणजे ३ लाख १० हजार द्यावे लागतील. प्रमाणपत्र मिळाल्यानंतर घेतलेत तर तो कर नाही. एक टक्क्याचा सवलतीचा दर ४५ लाखांपर्यंतच्या घरांनाच आहे. कांदिवलीच्या बाजूने एक मुद्दा सांगतो : मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे.

नेरूळच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. तिथली जमीन तुमच्या मालकीची होणार नाही, ती सिडकोच्या, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, भाडेपट्ट्यावर आहे. मूळ पट्टे ६० वर्षांचे. घर हस्तांतरित करताना सिडकोची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क लागते. ते कोण भरणार, हे करारात लिहून घ्या, तोंडी ठेवू नका.

वाशीकर_८६

मी १९८६ मध्ये वाशीला आलो तेव्हा रेल्वे नव्हती. पुलावरून बसने मुंबई गाठायची आणि रात्री मानखुर्दला बस चुकली तर ट्रकवाल्याला हात करायचा, असे दिवस होते. मे १९९२ मध्ये लोकल वाशीला आली आणि मग कुठे या शहराला शहरपण आले. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली, १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, म्हणजे कल्पनेपासून लोकलपर्यंत सत्तावीस वर्षे गेली. नव्या वस्तीत स्वस्त घर घेणाऱ्याने हा आकडा मनात ठेवावा, कारण सोयी येतात, पण त्या येईपर्यंत मुले मोठी होऊन जातात.

नेरूळचे खरे बळ पाण्यात आहे. महापालिकेचे स्वतःचे मोरबे धरण आहे आणि ही गोष्ट राज्यातल्या फार थोड्या महापालिकांना सांगता येते. घरात दोन नळ असले आणि दोन्हींना पाणी असले की माणसाला वाटते, यात काय विशेष. विरारला राहणाऱ्या बहिणीकडे उन्हाळ्यात चार दिवस राहून आल्यावर मला ते विशेष कळले.

आणि तो ५७५ चा आकडा विसरून जा. तो सुपर बिल्ट-अप, म्हणजे भिंती, जिना, सामाईक जागा यांचा वाटा धरून सांगितलेला असणार. घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा रेरा कायदा लागू झाल्यापासून नव्या घरांना चटईक्षेत्रच, म्हणजे घराच्या आतले वापरण्याजोगे क्षेत्रच, सांगावे लागते, पण जुन्या घरांचे दलाल अजून जुन्याच पद्धतीने बोलतात. फीत घेऊन जा आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत स्वतः मोजा.

मुक्ता

विकत घेण्याची घाई कशासाठी? मी सीवूड्सला २४,००० रुपये भाड्याने राहते आणि मालक तेच घर ९५ लाखांना विकायला तयार आहे. वर्षाचे भाडे २ लाख ८८ हजार, म्हणजे किमतीच्या तीन टक्के. कर्जाचे व्याज साडेआठ टक्के. ज्या शहरात राहायचे त्या शहरात वर्षभर भाड्याने राहून पाहावे, मुलीची दहावी होऊ द्यावी, आणि मग निर्णय घ्यावा असे मला मनापासून वाटते.

बावखल

निशिगंधाताईंनी विरारचे घर यादीत ठेवले याचा आनंद झाला, कारण अशा चर्चांमध्ये आमच्या भागाचे नाव बहुधा ‘परवडत नाही म्हणून’ एवढ्यापुरतेच येते. मी जन्माने वसईचा. आमच्याकडे आजही केळीच्या वाड्या आहेत, विहिरी आहेत, संध्याकाळी भुईगावच्या किनाऱ्यावर वारा खात बसता येते. सहाशे चौरस फुटांत पाच माणसांना स्वतःचा कोपरा मिळतो, आणि दहावीच्या मुलीला दार लावून अभ्यास करता येणे याची किंमत कोणत्याही हप्त्याच्या कोष्टकात मांडता येत नाही.

मात्र जे खरे आहे ते लपवणार नाही. पाणी हा आमचा जुना घाव आहे. गावांतल्या विहिरींचे पाणी टँकरने नव्या वसाहतींना जाऊ लागले तेव्हा हरित वसईच्या चळवळीत आमच्या घरची माणसे रस्त्यावर होती. सूर्या प्रकल्पाचे वाढीव पाणी २०२३ पासून येऊ लागल्यावर पुष्कळ फरक पडला आहे, पण तो सगळ्या इमारतींना सारखा पोहोचलेला नाही. तेव्हा विक्री कार्यालयात विचारू नका, शेजारच्या वसलेल्या इमारतीच्या पहारेकऱ्याला विचारा की एप्रिल-मे मध्ये दिवसाला किती टँकर येतात.

दुसरे, कागद. नालासोपारा पूर्वेला कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखून ठेवलेल्या जागेवर उभ्या राहिलेल्या ४१ इमारती न्यायालयाच्या आदेशाने २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या सुरुवातीपर्यंत पाडण्यात आल्या. त्यांत राहणाऱ्यांनी आयुष्यभराची पुंजी घातली होती आणि गॅसची शेगडी, देव्हारा, मुलांची दप्तरे रस्त्यावर घेऊन ती माणसे बसली होती. ते दृश्य मी पाहिले आहे. स्वस्त घराच्या मागे सर्वात आधी जमिनीचे आरक्षण तपासा.

तुळई

मी गेली २२ वर्षे इमारतींच्या संरचनात्मक तपासणीचे काम करतो, म्हणून दर्जाच्या प्रश्नावर जरा सविस्तर लिहितो.

आपल्या किनारपट्टीवर इमारत म्हातारी होते ती बहुतेक वेळा लोखंडामुळे. काँक्रीट मुळात अल्कधर्मी असते आणि ते तसे राहते तोवर आतल्या सळईला गंज चढत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरून तो गुण घालवतो, आणि खाऱ्या हवेतले क्लोराइड तर थेट सळईपर्यंत पोहोचून तिला खाऊ लागते. गंजलेले लोखंड मूळच्यापेक्षा कितीतरी अधिक जागा मागते, फुगते, आणि वरचे काँक्रीट फोडून बाहेर काढते. ज्याला आपण ‘पोपडे पडले’ किंवा ‘स्लॅबचा तुकडा पडला’ म्हणतो ते हेच.

आता जुन्या आणि नव्यातला फरक पाहा. १९७८ च्या भारतीय मानकात प्रबलित, म्हणजे सळई घातलेल्या, काँक्रीटसाठी एम-१५ प्रतही चालत असे (आकडा जितका मोठा तितके काँक्रीट मजबूत). २००० साली मानक सुधारले आणि किनारी हवेला उघड्या असलेल्या बांधकामाला किमान एम-३० प्रत आणि सळईवर ४५ मिलिमीटर काँक्रीटचे आवरण सांगितले गेले. त्यामुळे कांदिवली आणि नेरूळ या दोन्ही इमारती कमजोर प्रतीच्या काळातल्या असण्याची शक्यता आहे, आणि विरारची इमारत कागदावर तरी त्यांच्यापेक्षा सरस असायला हवी. ‘कागदावर’ हा शब्द मी विचारपूर्वक लिहिला आहे. ओतकामाच्या दिवशी सळईखाली आवरणाचे ठोकळे ठेवले होते का, आणि ओतल्यानंतर पुरेसे दिवस पाणी मारले का, हे इमारत पूर्ण झाल्यावर डोळ्यांना दिसत नाही.

तुम्हाला स्वतः पाहता येईल ते असे. लाकडी मुठीची लहान हातोडी घ्या आणि वाहनतळातल्या खांबांवर, गुडघ्याच्या उंचीपासून वर, हलकेच ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक. बद्द, पोकळ आवाज आला तर आतले काँक्रीट सळईपासून सुटले आहे. तुळईच्या तळाला तिच्या लांबीच्या दिशेने सरळ जाणारी भेग दिसली तर ती आतल्या सळईचा माग सांगते. गिलाव्यावरच्या जाळीदार बारीक भेगांना मात्र घाबरू नका. संडास-बाथरूमच्या खालच्या मजल्यावरचे छत आणि गच्चीवरच्या टाकीखालचे खांब आवर्जून पाहा. संस्थेकडे संरचनात्मक तपासणीचा अहवाल मागा : उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी तपासणी व्हायला हवी. अहवालात फिनॉल्फ्थॅलिनची चाचणी असेल. ते द्रावण फवारल्यावर निरोगी काँक्रीट गुलाबी होते आणि गुण हरवलेले काँक्रीट रंग बदलत नाही. किती खोलीपर्यंत रंग बदलला नाही, तो आकडा मला सांगा, मी अर्थ सांगेन.

नव्या घरासाठी रेरा कायद्यात ताबा मिळाल्यापासून पाच वर्षे संरचनात्मक दोष विनामूल्य दुरुस्त करून देण्याची जबाबदारी बांधणाऱ्यावर आहे. म्हणून ताबापत्राची तारीख जपून ठेवावी.

दादरकर

सगळे जण बाहेर जाण्याचीच वाट दाखवत आहेत. मी उलट सांगतो. गिरगावची खोली सोडू नका.

भाडे नियंत्रणाचा कायदा १९४७ पासून आहे. त्याने तुमच्या-माझ्यासारख्यांना शहराच्या मध्यात राहू दिले, पण भाडी गोठल्यामुळे मालकाने दुरुस्तीवर खर्च करणेही बंद केले, आणि आज चाळी टेकूंवर उभ्या आहेत त्याचे मूळ तिथे आहे. तरीही त्या खोलीत एक हक्क आहे. उपकरप्राप्त इमारतीच्या पुनर्विकासात प्रत्येक भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचे घर मिळायचे आहे. बीडीडी चाळींचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. तिथली १६० चौरस फुटांत राहणारी माणसे किती वर्षे ‘होणार नाही’ असे ऐकत होती, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या पहिल्या रहिवाशांच्या हातात ५०० चौरस फुटांच्या घराच्या किल्ल्या आल्या. त्या दिवशी एका वृद्ध बाईंनी नव्या घराच्या उंबऱ्यावर बसून आधी रडून घेतले आणि मग आत पाऊल टाकले. मी तिथे होतो.

हिशेबनीस

दादरकर यांच्या भावनेचा मान राखून एक सावधगिरी सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात असे कलम आहे की भाडेकरूने सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने जागा वापरली नाही तर मालकाला ती परत मागता येते. तेव्हा कुलूप लावून निघून जाणे धोक्याचे. घरातले कोणी तिथे खरोखर राहणार असेल तरच ‘खोलीही राहील आणि घरही होईल’ हा विचार करावा. विजेचे बिल, शिधापत्रिका, मतदार यादीतले नाव, हे सगळे त्या पत्त्यावर चालू असायला हवे.

खाडीपुत्र

नेरूळचे नाव निघाले म्हणून लिहितो. मी करावे गावचा. ज्या जमिनींवर आज पाम बीच रस्ता आणि उंच इमारती आहेत तिथे आमची भातखाचरे आणि मिठागरे होती. ९५ गावांच्या जमिनी या शहरासाठी घेतल्या गेल्या. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले, आणि आज ज्याला तुम्ही ‘साडेबारा टक्के’ म्हणता ती, घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात तेवढा विकसित भूखंड परत देण्याची तरतूद त्या रक्तातून आलेली आहे. घरांच्या परवडण्याची चर्चा होताना हे कोणीतरी लिहायला हवे, एवढ्यासाठी लिहिले.

आता उपयोगाचे. गावठाणात आणि त्याच्या आसपास तुम्हाला सेक्टरपेक्षा बऱ्याच कमी किमतीत घर दाखवतील. आमच्याच माणसांनी कुटुंब वाढले म्हणून बांधलेल्या इमारती आहेत, त्यांच्याविषयी मला राग नाही. पण त्यांतल्या पुष्कळांना भोगवटा प्रमाणपत्र नाही, बँक सहजी कर्ज देत नाही, आणि दोन इमारतींमधले अंतर इतके कमी असते की समोरच्याच्या खिडकीतली भांडी हाताला लागतील. पाच माणसांच्या कुटुंबाने तिथे पुंजी घालू नये असे मी, त्या गावचा असून, सांगतो.

आणि पाण्याविषयी. पिण्याच्या पाण्याचे सगळे बोलले, साचणाऱ्या पाण्याचे कोणी बोलले नाही. ही जमीन मुळात खार आहे. माझे आजोबा बांधावरची उघाडी सांभाळायचे. भरती आली की झडप आपोआप मिटायची, ओहोटी लागली की उघडायची आणि शेतातले पाणी खाडीत जायचे. शहर बांधताना हीच रीत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली : पावसाचे पाणी भरतीच्या वेळी धारण तलावांत थांबवायचे आणि ओहोटीला सोडायचे. त्या तलावांत आता गाळ भरून कांदळवन उगवले आहे, आणि कांदळवनाला कायद्याचे संरक्षण असल्यामुळे गाळ काढायचा तर न्यायालयाची परवानगी लागते. म्हणून घर पाहायला जाल तर जोराच्या पावसात, मोठ्या भरतीच्या वेळी जा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, दुपारी बाराच्या सुमारास. त्या वेळी रस्त्यावर पाणी नसेल तर त्या गल्लीत कधीच फारसे येत नाही.

बावखल

खाडीपुत्र, तुमची उघाडी वाचून मला आमची बावखले आठवली आणि माझे हे टोपणनावही त्यांचेच आहे. वसईच्या वाड्यांमध्ये गोड्या पाण्याची लहान तळी असतात, त्यांना आम्ही बावखल म्हणतो. पावसाचे पाणी त्यांत मुरायचे, विहिरी जिवंत राहायच्या, आणि गावात पूर चढत नसे. त्यांतली कितीतरी बुजवली गेली. जुलै २०१८ मध्ये वसईत दिवसेंदिवस पाणी साचून राहिले, वीज नव्हती, लोकल बंद होत्या, तेव्हा आमच्या शेजारच्या आजी एवढेच म्हणाल्या की पाण्याची जागा तुम्ही घेतली, आता पाणी तुमची जागा घेणारच.

निशिगंधाताई, विरारच्या इमारतीच्या जागी पूर्वी काय होते, हे गावातल्या एखाद्या वयस्क माणसाला विचारा. सातबारा खोटा असू शकतो, म्हाताऱ्याची आठवण सहसा नसते.

उलवेकर

यादीत नसलेला चौथा पर्याय म्हणून उलवे सुचवतो. इमारती नव्या आहेत, रस्ते रुंद आहेत, नेरूळहून येणारी रेल्वे २०२४ च्या जानेवारीपासून उरणपर्यंत जाते आणि विमानतळ शेजारी आहे. अटल सेतूही जवळ, पण तो सुरू झाला तेव्हा मोटारीचा एकेरी पथकर २५० रुपये ठरला, त्यामुळे रोजच्या नोकरीसाठी त्याच्यावर विसंबता येत नाही. लोकलच्या फेऱ्या अजून कमी आहेत आणि पाणी हेटवणे धरणाचे, तेही काही सेक्टरांत अपुरे. वाशीकरांचे सत्तावीस वर्षांचे वाक्य वाचून मी अंतर्मुख झालो, कारण आम्ही त्या प्रवासाच्या सुरुवातीला आहोत.

मुक्ता

विरारहून ऐरोलीचा प्रवास कोणी केला आहे का? विरार ते दादर, दादर ते ठाणे, ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने ऐरोली. गर्दीच्या वेळी दादरचा पूल ओलांडण्याचाच वेळ धरा. एका बाजूला अडीच तास सहज जातील, म्हणजे रोजचे पाच. हप्त्यातले २१,७०० रुपये वाचतील, पण महिन्याचे २४ कामाचे दिवस धरले तर १२० तास जातील. नेरूळहून ऐरोलीला थेट गाडी आहे आणि अर्धा तास पुरतो. माझ्या मते हा धागा इथेच संपायला हवा होता.

निशिगंधा

आठवडाभर प्रतिसाद वाचत होते आणि रविवारी आम्ही पावसात बाहेर पडलो, म्हणून उशिरा लिहीत आहे. सर्वांची मी ऋणी आहे.

विरारला आधी गेलो. घर सुंदर आहे. मुलीने खिडकीत उभे राहून टेबल कुठे लावायचे तेही ठरवले. शेजारच्या इमारतीच्या पहारेकऱ्याने मे महिन्यात रोज चार टँकर येत होते असे सांगितले. भोगवटा प्रमाणपत्राविषयी विक्रेत्यांनी तीन वेगवेगळ्या वेळी तीन वेगवेगळे महिने सांगितले, आणि करार करण्याआधीच २० टक्के रक्कम मागितली.

नेरूळला साडेबाराला पोहोचलो, भरती होती, पाऊस अखंड. समोरच्या रस्त्यावर घोट्याच्या खाली पाणी होते आणि दोन वाजेपर्यंत ओसरले. घर फितीने मोजले, ४१२ चौरस फूट भरले. हातोडीने खांब ठोकताना रहिवासी माझ्याकडे पाहत होते, मग त्यांतल्याच एका काकांनी छत्री धरली आणि कोणता खांब दुरुस्त झाला आहे ते दाखवत आमच्याबरोबर फिरले. सात खांब टणक वाजले, गच्चीच्या जिन्याखालचा एक बद्द वाजला. घरात कपडे धुण्याचे यंत्र बाजूला सरकवायला सांगितले, तर मागच्या तुळईच्या तळाला हातभर लांब सरळ भेग होती आणि तिच्या कडेने तपकिरी ओघळ आला होता. मालकांनी त्यावर रंग दिलेला होता. यंत्राच्या पाठीमागे एवढे कोणी पाहील असे त्यांना वाटले नसावे.

कांदिवलीच्या संस्थेने तपासणीचा अहवाल दाखवायला नकार दिला, त्यामुळे तिथे पुढे गेलो नाही.

तुळई यांना विचारते : ती भेग म्हणजे घर सोडून द्यायचे कारण आहे का?

तुळई

नाही, एवढ्यावरून नाही. तपकिरी ओघळ म्हणजे पाणी आत जाते आहे आणि सळई गंजते आहे, बहुधा वरच्या मजल्याच्या मोरीतून. आधी वरची गळती बंद करायची, मग सैल काँक्रीट काढून सळई घासायची, गंजरोधक लावायचा आणि पॉलिमरयुक्त मसाल्याने भरून घ्यायचे. सळईची जाडी फार कमी झाली असेल तर शेजारी नवी जोडावी लागते. एका तुळईचे हे काम आटोक्यातले आहे. मला अधिक चिंता गच्चीच्या जिन्याखालच्या खांबाची आहे, कारण तो सगळ्या इमारतीचा आहे. संस्थेच्या दुरुस्ती निधीत किती शिल्लक आहे आणि शेवटचा तपासणी अहवाल केव्हाचा आहे, ही दोन उत्तरे मिळाल्याशिवाय बयाणा देऊ नका. भेगेचे छायाचित्र दाखवून किमतीवर बोलण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

हिशेबनीस

आणि विरारला करारापूर्वी २० टक्के मागितले, हे रेरा कायद्याला धरून नाही. नोंदणीकृत करार होण्याआधी दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. जो पहिल्याच भेटीत हा नियम मोडतो त्याच्या प्रमाणपत्राच्या तारखांवर मी तरी विसंबणार नाही. महारेराचा, म्हणजे रेरा कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक आहे म्हणून निश्चिंतही राहू नका; कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी खोट्या परवानग्या दाखवून तो मिळवल्याचे उघड झाले आहे. बांधकाम परवानगीची खातरजमा महापालिकेच्या नगररचना विभागातच करावी.

बावखल

मान्य आहे, आणि वाईटही वाटते. आमच्याकडे नीट बांधणारे आणि नीट कागद देणारेही आहेत, पण गावाचे नाव अशा लोकांमुळे जाते. ऐरोलीची नोकरी नसती तर मी तुम्हाला आगाशीच्या बाजूची दोन घरे स्वतः दाखवली असती.

दादरकर

खोलीत कोण राहणार, ते ठरले का?

निशिगंधा

ठरले. माझे दीर गिरगावातच नोकरीला आहेत, ते खोलीतच राहणार आहेत, त्यामुळे ती बंद पडणार नाही.

नेरूळच्या संस्थेने अहवाल दिला. तो दीड वर्षापूर्वीचा आहे, इमारत दुरुस्तीयोग्य म्हटली आहे आणि जिन्याखालच्या खांबाचे काम दिवाळीनंतर करण्याचा ठराव झालेला आहे. निधीत त्यापुरते पैसे आहेत. काही चाचण्यांचे आकडे मला समजले नाहीत, ती पाने तुळई यांना पाठवली आहेत. मालकांनी तुळईची भेग पाहून दोन लाख कमी केले आणि हस्तांतरण शुल्क तेच भरतील असे लिहून द्यायला तयार झाले. घर माझ्या एकटीच्या नावावर घ्यायचे ठरले आहे. मुक्ताताईंचा भाड्याचा सल्ला मी दोन रात्री मनात घोळवला, पण सासूबाईंना दोनदा घर हलवायला लावणे मला जमणार नाही. मालकी हक्काचा शोध घ्यायला वकिलांना कागद दिले आहेत, त्यांचे उत्तर गुरुवारी येईल.

घर पहिल्या मजल्यावर आहे आणि इमारतीला उद्वाहन नाही. काल सासूबाईंना घेऊन गेलो. त्या कठडा धरून सावकाश चढल्या, मध्ये एकदा थांबल्या, आणि वर पोहोचल्यावर म्हणाल्या, “सतरा. आपल्याकडे बेचाळीस आहेत.” मग त्यांनी संडासाचे दार उघडून आत दिवा लावला, विझवला, पुन्हा लावला, आणि बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या.

तुळई

पाने मिळाली. गुलाबी न झालेल्या भागाची खोली बहुतेक खांबांत सळईच्या अलीकडेच थांबली आहे, ही चांगली गोष्ट आहे. दोन खांबांबद्दल संस्थेच्या अभियंत्याला विचारायचे प्रश्न लिहून तुम्हाला पाठवले आहेत. बयाणा गुरुवारनंतरच द्या.